ब्लोदवेन गेली, सेरेन गेली

पांतग्लास, त्रेगारनजवळ
१४ ऑक्टोबर १९७८

प्रिय मेन्ना,

तुझं पत्र पोचलं. आम्ही ठीक आहोत. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, पण वेल्समध्ये त्याची तक्रार कुणाकडे करायची? डोंगरउतारावर नव्या मेंढ्या चरतायत. इदवल तसाच आहे. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही नाही. भरवलेलं सूप गिळतो. समजतं मात्र सगळं.

तू विचारतेस, गायी विकायला इदवलदादा तयार कसा झाला? दूधधंदा सोडून मेंढ्या पाळल्या की सरकार अनुदान देतं, हे तू वाचलं असशीलच. मी अर्ज केला. पाहणीला साहेब आला, भला माणूस. म्हणाला, "मालकांची संमती लागेल."

"विचारा की," मी म्हटलं.

त्याने खुर्चीपाशी वाकून विचारलं. इदवलचं तोंड वाकडं झालं, डावा हात खुर्चीवर आपटायला लागला, "न... न..." असा आवाज निघाला.

साहेब दचकला. "काय म्हणतायत?"

"खूश झाले की असंच करतात हो. चहा घ्या ना."

त्याने चहा घेतला. मनुकांचा पावही खाल्ला.

ट्रक आला त्या सकाळी मी इदवलची दाढी केली, धुतलेला शर्ट चढवला आणि खुर्ची खिडकीशी नेली. शेजारचा हिवेल गायी चढवत होता. बाहेरूनच म्हणाला, "वहिनी, पडदा तरी ओढा!" नाही ओढला. एकेकीचं नाव मी इदवलच्या कानात सांगत होते. ब्लोदवेन गेली. सेरेन गेली. सेरेन फाटकात अडून हंबरायला लागली तेव्हा त्याने डोळे मिटले. मी हनुवटी धरली. म्हटलं, "उघड. बघ."

मला वाटलं होतं, नंतर वाईट वाटेल. नाही वाटलं.

मूल का नाही, असं तू दर नाताळात सगळ्यांसमोर विचारायचीस. झालं असतं गं एक. पहाटे गोठ्यातच कळा आल्या, रक्त बुटात उतरलं. तुझा दादा म्हणाला, "एवढ्या धारा उरकून घे, मग आत जा." मी उरकल्या. मग आत गेले. दुसऱ्या पहाटे त्याने पुन्हा हाक मारली. त्यानंतरही रोज, वर्षानुवर्षं.

आता मी आठला उठते.

त्याला कार्डिफला तुझ्याकडे न्यायचं म्हणतेस. नको. डॉक्टर म्हणाले, काळीज दणकट आहे, अजून पुष्कळ वर्षं काढेल. ते ऐकून तो रडला. डॉक्टरांना वाटलं, आनंदानेच. मी डोळे पुसले त्याचे.

कुठेही पाठवणार नाही मी त्याला. माझ्याजवळच राहील.

इदवलची लग्नाची बायको,
नेस्ता