मालनआक्काची फटफटीची तालीम

वस्ती, ता. जामखेड
४ फेब्रुवारी १९७३

चि. आसाराम यास मालनआक्काचे अ. उ. आ.

सूनबाई चांगुणा लिहितीय, बोल माझे. तुझ्या अंगावरून वारं गेलं, डावं अंग लुळं पडलं, हे कळल्यापासून घास उतरंना. भिंगारला यायचं तर यष्टीचा फाटा पाच कोस, आन् दुष्काळानं बैल चारा-छावणीत. ऱ्हायली आमच्या गोरक्षची फटफटी. पन माझा मोडलेला पाय सांधला तरी सीटवरून पल्याड जात न्हाई. म्हनून तालीम धरलीय. आधी उंबऱ्यावर पाय टाकायचा, मग जोत्यावर, मग उखळावर. लई ठणकतं. लेक म्हनतो, आई, नको. मी येनार.

जिवाला जप, माया पातळ करू नको.
तुझी आक्का

भिंगार
११ फेब्रुवारी १९७३

ती. आक्कास आसारामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. साठीला टेकलीस आणि फटफटीवर बसणार? पाय पुन्हा मोडला तर दोष माझ्या माथी. डॉक्टर मला रोज उठून बसायला सांगतात, पण मन घेत नाही. मी आता खाटेचाच. तू येऊ नकोस.

तिथूनच लोभ असू दे.
तुझा आसाराम

वस्ती, ता. जामखेड
२ मार्च १९७३

चि. आसाराम यास अ. उ. आ.

‘खाटेचाच’ हे सूनबाईकडून दोनदा वाचून घेतलं. लई राग आला. तवापासून कासोटा आवळून रिकाम्या बैलगाडीच्या दांडीवर दोन्हीकडं पाय टाकून बसते, आन् चांगुणा गाडी हलवती. दोनदा पडले. शेजारची दगडाबाई म्हनली, म्हातारीला चळ लागला. म्या म्हनलं, तू बी बस. काल गोरक्षनं वस्तीभवती फिरवलं. एका अंगाला बस म्हनत हुता, न्हाई ऐकलं; खड्ड्यात उसळून पडले असते. सोमवारी फाट्यापतोर फटफटीनं, पुढं यष्टीनं येते.

भेटीपतोर धीर धर.
तुझी आक्का

भिंगार
१४ मार्च १९७३

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घर मुकं झालं. फाट्यावर यष्टी आलीच नाही, म्हणून थेट भिंगारपर्यंत फटफटीवरच आलीस, हे गोरक्षनं मला मागाहून सांगितलं. केस धुळीनं पांढरेफटक, पायाला मुंग्या. भिंतीला हात लावून उभी राहिलीस, कुणाला शिवू दिलं नाहीस. मग खाटेपाशी येऊन, कसा आहेस हेही न विचारता, खांदा पुढं केलास आणि म्हणालीस, धर, ऊठ. मी ओरडलो, शिव्याही दिल्या. तू खांदा काढला नाहीस.

काल तुम्ही निघालात तेव्हा मी पडूनच होतो. गाडीचा आवाज लांब गेला, तसा खिडकीचा गज धरला आणि उठलो. एकटा. उभा राहीपर्यंत तुमची धूळ केव्हाच खाली बसली होती, रस्ता मोकळा. तरी पाय थरथरेपर्यंत तिकडं बघत उभा राहिलो.

लहान भावावर असाच राग धरत जा.
तुझा आसाराम