हाक दुसऱ्या कुणाला असेल

बेळगाव,
गुरुवार, ता. ९ डिसेंबर १९३७

चि. सौ. पद्मजा हीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. मी इकडे बरा आहे. आप्पांचा खोकला कमी झाला का, ते कळव. तुझ्या माहेरी बोरगावात थंडी पडली असेल. इथे सकाळी पाण्यात हात घालवत नाही. शेजारच्या रुक्माबाई रोज आमटी पाठवतात, तुझी चौकशी करतात. तू आक्काच्या बाळंतपणाला गेली आहेस, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी खेळाला फार गर्दी होती, त्या गर्दीत आपली चुकामूक झाली, असं लिहायला मी परवा बसलो होतो. लिहिलंही. मग फाडून टाकलं.

तुला मारधाडीचे बोलपट आवडतात, मला सामाजिक. लग्न झाल्यापासून आपलं हे चाललंय. मागे एका विधवेच्या दुःखाचा खेळ दाखवायला तुला नेलं, तर परत येताना तू म्हणालीस, "रडायचं तर घरात बी रडता येतंय. घोडं उधळलेलं मातूर तितंच बघाय मिळतंय." मी हसायला हवं होतं. त्याऐवजी घर येईपर्यंत रसिकतेवर व्याख्यान दिलं. त्यानंतर तू मला विचारायचं सोडलंस, रुक्माबाईंबरोबर जाऊ लागलीस. मला तेव्हा बरंच वाटलं.

रविवारी हरिभाऊ वकिलांनी मला आणि कचेरीतल्या आनंदला दुपारच्या खेळाला नेलं. हल्लीच्या बोलपटांनी लोकांची अभिरुची कशी बिघडवली, यावर त्यांना क्लबात बोलायचं होतं. ज्यांच्या हाताखाली काम शिकतो, त्यांनी शेजारी बसवलं, म्हणून मी ताठ बसलो होतो. तू वर असशील हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

मुखवटा घातलेली नायिका चाबूक घेऊन घोड्यावरून उतरली आणि बायकांच्या माळ्यावरून आवाज आला, "मार की गं! बघत काय उभारलीस? हाण त्याला!"

सगळं थिएटर हसलं. आनंद म्हणाला, "तंबाखूच्या वखारीतनं थेट हितं आलेली दिसतीय."

मीही हसलो. आवाज तुझा आहे, हे मला पहिल्याच शब्दाला कळलं होतं.

खेळ सुटल्यावर तू जिन्यावरून धावत खाली आलीस. उन्हानं डोळे बारीक झालेले, ओरडून ओरडून तोंड लाल. मी दिसलो म्हणून तुला किती आनंद झाला होता! "अहो!" म्हणून हाक मारलीस. ती मी ऐकली. तुझ्याकडे बघितलंसुद्धा. आपल्या दोघांच्या मध्ये गर्दीबिर्दी काही नव्हती. मी तोंड फिरवलं आणि चालू लागलो.

एवढं तू पाहिलंसच. पुढचं तुला ठाऊक नाही. हरिभाऊंनी विचारलं, "तुम्हाला हाक मारतायत का हो त्या?"

मी म्हणालो, "छे, दुसऱ्या कुणाला असेल. ओळखीच्या नाहीत."

त्या संध्याकाळी तू मला गरम भाकरी वाढलीस, काहीही न विचारता. विचारलं असतंस तर मी चुकामूक झाली म्हणूनच सांगितलं असतं. तेवढं खोटं ऐकायला लागू नये, म्हणूनच विचारलं नसशील. सकाळी तू निपाणीच्या मोटारीत बसलीस, तेव्हा "कधी येणार" हेही माझ्या तोंडून निघालं नाही.

काल मी हरिभाऊंना सांगितलं, "रविवारची ती हाक माझ्या बायकोची होती."

ते कागद चाळत होते. "माहीत आहे. तुमच्या लग्नात मी जेवलोय, उपेंद्र."

"मग विचारलंत कशाला?"

"वाटलं, ओळख करून द्याल."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा कागदांत मान घातली.

तिथून मी तडक त्याच खेळाला गेलो. आवडला असं खोटं लिहीत नाही. घोडा तेवढा सुरेख धावतो. पण चाबकाचा प्रसंग आला, आणि माळ्यावरून कुणीच ओरडलं नाही. मला पुढे बघवेना. मधूनच उठून बाहेर आलो.

हे पत्र आप्पांना दाखव, आक्कालाही दाखव. मी रविवारी बोरगावला येतोय. दुपारी ओट्यावर चारचौघं बसलेली असतात, तेव्हाच येईन, आणि काय केलं ते त्यांच्यासमोर सांगेन. मग तू बाहेर आली नाहीस, तर तेही सगळ्यांदेखत होऊ दे.

तुझा नवरा,
उपेंद्र