बिजाचा पेला

माय, परवा मी बियर प्यायले. दचकू नकोस, एकच घोट, आणि तोही नातवाच्या हट्टापायी. लेकीचा मुलगा पुण्यात बियर बनवायच्या कामात आहे. चांगला शिकूनसवरून हेच करतो. तुझ्या काळी याच कामासाठी पोलीस लोकांची मडकी फोडायचे. लाकडाच्या पिंपात कित्येक महिने मुरवलेली तपकिरी, कडक बियर त्याने आणली होती. ‘आजी, नुसती जीभ लाव आणि सांग, लाकूड लागतं का,’ म्हणाला. आधी जळक्या गुळासारखं गोड लागलं, मग तुरट, जीभ कोरडी करणारं, आणि गिळल्यावर छातीपर्यंत उतरत गेलेली ऊब. ‘लागलं रे बाबा लाकूड,’ एवढंच मी म्हटलं. पण मला लागला होता आपल्या घरचा बिजाचा पेला, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

ती दुपार तू विसरली नसशील. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बाबा मला डोंग्यात बसवून तळ्यावर जाळं काढायला गेले, आणि आधी तळ्याच्या पाळीवर, बांधावर बसून मोहाची चढवली. चढवली ती अशी, की तिथंच आडवे झाले आणि डोंगा मला एकटीला घेऊन तळ्याच्या मध्यावर गेला. मला गंमत वाटते आहे. शिंगाड्याच्या वेली डोंग्याला घासताहेत. काठावर ऊर बडवते आहेस ती तू. दोघा गड्यांनी पोहत येऊन मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी आंघोळ केली आणि चार माणसांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला. “या पोरीची आण. आता थेंबालेही शिवणार नाई.” तू म्हणालीस, “आण मोडली तं पोरीले लागन, ध्यानात ठेवा.” त्या हाताचा भार मला अजून आठवतो.

त्याच साली बाबांच्या लघवीला मुंग्या लागू लागल्या आणि वैदूने बिजाच्या लाकडाचा पेला दिला. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं. लाकडाचा रस उतरून पाणी तपकिरी होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबा पडवीत बसून, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, तोंड वाकडं करत पेला रिकामा करायचे. तू विहिरीवर बायकांना सांगायचीस, “माह्या घरधन्यानं एका दिवसात सोडली.” घरात मोहफुलं वाळत पडलेली असायची, त्या वासातून आणखी एक वास कोण वेगळा काढणार? एकदा तहानेपोटी मी तो पेला तोंडाला लावला, तर तू धावत येऊन पाठीत धपाटा घातलास. “हात नोको लावू त्याले! औषध हाय ते!” माझा घसा जळत होता. पण औषध कडूजहरच असतं, हे तूच शिकवलेलं.

पुढे मलाही साखर निघाली आणि लेकीने कुठल्याशा प्रदर्शनातून असाच पेला आणून दिला. वर्षभर प्यायले. तुरट, बेचव पाणी. घशाला ऊब म्हणून नाही. तेव्हा वाटलं, लहानपणीची जीभ, तिचं काय खरं! परवाच्या घोटाने ती पळवाटही बंद झाली. पेल्यात पाणी नव्हतं, माय. आणि पेला बाबा भरत नव्हते, रोज रात्री तू भरायचीस.

मला तुझा राग आला, फार राग आला. आण माझ्या डोक्यावरची होती. नवऱ्याची अब्रू राखायला तू पोटची पोर पणाला लावलीस? रागाच्या भरात भांडी घासत होते आणि एकदम आठवलं, पेला भरून, पळसाच्या पानाने झाकून झाला की तू मीठ-मोहऱ्या घेऊन माझ्याकडे यायचीस. रोज. दृष्ट काढून चुलीत टाकायचीस आणि मोहऱ्या तडतडेपर्यंत माझं मनगट सोडायची नाहीस. मला वाटायचं, लाडाची लेक म्हणून. तू भीत होतीस ग. तरी भरत होतीस. एकच पेला, घरातल्या घरात. त्यानंतर बाबांना पाळीवर आडवं पडलेलं कोणी पाहिलं नाही, हेही खरं.

हे सगळं आत्ताच वर यायचं कारण माझा मुलगा. दारू सोडवायला नागपूरला एका केंद्रात आहे, ही तिसरी खेप. त्याला मी जन्मभर एकच ऐकवत आले, “तुह्या आजानं एका दिवसात सोडली, तुले काऊन जमत नाई?” काल संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

“आई, आजानं खरंच एका दिवसात सोडली होती ना? मले जमून नाई राह्यलं व.”

खरं सांगितलं तर त्याला हलकं वाटेल, की तो म्हणेल, आजालाही जमलं नाही तर मला कुठून जमणार? तुला विचारायला तू हवी होतीस. शेवटी म्हणाले, “हो रे राजा. एका दिवसात.” तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. मी त्याला पाजलं ते औषध की दारू, मला कळत नाही, माय. तुला तरी कळत होतं का?

लिहून झालं की हे कागद फाडणार आहे. त्याच्या हाती पडून चालायचं नाही. आणखी एक सांगते, हसू नकोस. फोन ठेवल्यावर मी मीठ-मोहऱ्या घेतल्या. पोरगा नागपुरात, ओवाळू कोणावरून? मग फोनवरूनच ओवाळल्या आणि गॅसवर टाकल्या.