किळी आणि किल्ली यांची वाटणी

मी, पुरुषोत्तम बळवंत देवस्थळी, वय एकाहत्तर, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला निवृत्त हेडक्लार्क व दर रविवारी मराठी पाहुण्यांना जुने चेन्नई दाखवणारा गाईड, राहणार पेरंबूर, चेन्नई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मंगळवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला; त्यावर घरात दोन दिवस हसणे चालू होते.

१. फ्लॅट व बँकेतील ठेव पत्नी विद्यालक्ष्मी हिला. तिने हॉलमधला पंखा बदलून घ्यावा. मी पंचवीस वर्षे उद्या-उद्या करत आलो.

२. मुलगा उन्मेष, नोकरी सिरुसेरीच्या आयटी पार्कात, याला माझा गाईडगिरीचा भोंगा. एकदा मी गोष्ट सांगत असताना भर पाहुण्यांसमोर मोबाइल काढून तो म्हणाला, "बाबा, हे इंटरनेटवर कुठेच नाही." यापुढे त्याने जे जाहीर करायचे ते भोंग्यातून करावे.

३. जॉर्ज टाउनमधल्या कोरीव दाराची गोष्ट. हीच माझी खरी मिळकत, म्हणून सविस्तर लिहितो. १९८४ साली तिथला म्हातारा पहारेकरी तमिळमध्ये म्हणाला, या घरची सून तंजावरहून येताना फक्त एक 'किळी' घेऊन आली. माझे तमिळ तेव्हा भाजी घेण्यापुरते. मी ऐकली किल्ली. पुढच्या रविवारी नागपूरच्या मंडळींना सांगून टाकले की सुनेने माहेरची किल्ली आणली आणि तिला लागणारे कुलूप ती जन्मभर शोधत राहिली. चार बायका रडल्या. घरी येऊन मी ऐटीत हे विद्यालक्ष्मीला सांगितले. ती तंजावरच्या मराठी घराण्यातली, इथेच वाढलेली. ती म्हणाली, "अहो, किळी म्हणजे पोपट."

तोवर नागपूरची गाडी सुटली होती. मग चाळीस वर्षे मी किल्लीच सांगितली. समोरच्या फुटपाथवर नारायणस्वामी, तोही गाईड, पोपट सांगतो, सासूच्या नकला करणारा. त्याचे पाहुणे हसतात, माझे डोळे पुसतात, आणि नंतर आम्ही एकमेकांना खोटारडा म्हणत कॉफी पितो. एवढी मजा मला रेल्वेने कधी दिली नाही.

४. ही गोष्ट नात ऊर्मी हिला. तिने तमिळमध्ये सांगितली तरी हरकत नाही. मात्र किल्ली आणि पोपट दोन्ही सांगावेत. खरे काय असे कोणी विचारले, तर "कॉफीनंतर सांगते" म्हणावे.

५. पाहुण्यांना दाखवायला जुन्या बाजारातून आणलेली लोखंडी किल्ली नारायणस्वामीला. मी गेल्यावर पहिल्या रविवारी त्याने माझ्या फुटपाथवर उभे राहून किल्लीची गोष्ट एकदा सांगावी, न हसता. ती बाजू गप्प पडेल याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटते.

वरील मजकूर स्वतः वाचला, दोनदा हसू आले, तरीही कायम ठेवून सही करतो.

पुरुषोत्तम बळवंत देवस्थळी
चेन्नई, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार १: श्रीरंजनी, शेजारीण. (सही)

साक्षीदार २: नारायणस्वामी. (सही तमिळमध्ये. सहीखाली त्यांनी लिहिलेले ऊर्मीने मराठीत उतरवले, ते असे:)
"कलम पाच मान्य नाही. किल्ली मी घेणार नाही. देवस्थळी सार, बरे होऊन या. तुमचे खोटे तुम्हीच सांगा."