पलंग स्वतः येऊन न्यावा

ओमारू,
१२ ऑगस्ट २००७

चि. नायरीस,

थोरल्या बहिणीचे ऐन हिवाळ्यातले, थंडीने काकडलेले आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडचे म्हणशील तर तुझे मांजर ठीक आहे एवढेच मला कळले, कारण मागचे निम्मे पत्र तू त्याच्यावरच खर्च केलेस.

बातमी अशी की मी या वयात दुकान काढले आहे. ग्वेंडा क्राइस्टचर्चहून आली ती जुना संगणक घेऊनच. म्हणाली, आई, बाबांना जाऊन दोन वर्षे झाली, आता एवढ्या वस्तू कुणासाठी ठेवल्या आहेस? तेव्हापासून तुझी म्हातारी बहीण इंटरनेटवर लिलाव करते. वस्तूचा फोटो टाकायचा, खाली दोन ओळी लिहायच्या, आणि लोक एक डॉलरपासून बोली लावत जातात. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली वाढवली की वेळ आणखी दोन मिनिटे पुढे सरकते. दोन हट्टी माणसे भिडली की लिलाव संपता संपत नाही. तुझ्यामाझ्यासारख्यांसाठीच काढलेला नियम दिसतो.

पोस्टात पार्सल बांधत बसायला नको म्हणून मी प्रत्येक वस्तूखाली लिहिते, स्वतः येऊन न्यावे. तिथेच फसले. माणूस दारात आला की त्याला चहा विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून लोणी लावलेले गरम स्कोन्स. परवा पिठाची चाळणी एका डॉलरला गेली आणि नेणाऱ्या बाईने त्याहून जास्त किमतीचे लोणी खाल्ले. टेड असता तर म्हणाला असता, नोला, तू व्यापार करतेस की अन्नछत्र चालवतेस?

वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचे ते फोंड्यूचे भांडेही गेले. खाली खरे तेच लिहिले, एकदाच वापरले, पश्चात्ताप झाला. त्यावर सात जणांनी बोली लावली. या देशात खरे बोललेले लोकांना फार आवडते असे दिसते.

लोभ आहे तेवढा राहू दे, तो मी लिलावाला लावलेला नाही.

तुझी,
नोलाताई


रिव्हर्टन,
२६ ऑगस्ट २००७

ती. नोलाताईस,

सा. न. वि. वि. तुझे पत्र मिळाले, आणि तुझे दुकानही पाहून आले.

माझ्याकडे संगणक नाही हे तू जमेस धरून होतीस ना? इथल्या वाचनालयात आहे. तिथली डेल्सी, जी माझ्याबरोबर शाळेत होती आणि तेव्हाही गप्प बसा म्हणायची, तिने मला खुर्चीवर बसवून सगळे शिकवले. तुझी वस्तू शोधायला वेळ लागला नाही. पहिलाच फोटो शिंपल्यांच्या दिव्याचा. खाली तुझे शब्द: कुणीतरी दिलेला. लावला की खोली आणखी अंधारी वाटते.

ते कुणीतरी म्हणजे मी. तुझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी एकेक शिंपला घासून तो दीपस्तंभासारखा दिवा केला होता. बोटांची सालटी निघाली होती. मग मी खोटे नाव घेऊन तुझ्या वस्तूखाली प्रश्न टाकला, की दिवा देणारी व्यक्ती हयात आहे का. तू भर चौकात उत्तर दिलेस, की हयात आहे आणि दुर्दैवाने अजून दिवे करते. डेल्सी इतकी हसली की तिलाच गप्प बसा म्हणायची वेळ आली.

मला हसू नकोस, मीही काही कमी नाही. नुसते जवळून बघायचे म्हणून मी एका फोटोवर बटण दाबले, आणि गोर गावच्या एका गृहस्थाचा लॉन बोलिंगचा, म्हणजे हिरवळीवर घरंगळवायच्या चेंडूंचा, संच माझ्या गळ्यात पडला. स्वतः येऊन न्यावे. मी बस बदलत गेले. चेंडू लोखंडाचे असावेत अशा वजनाचे. आता ते दाराला अडसर म्हणून उपयोगी पडतात, आणि बाकीच्या चेंडूंना दारे पुरत नाहीत.

बरे, जानेवारीचे. मी नेहमीप्रमाणे इन्व्हरकार्गिलहून बसने येईन. चीज रोल्स मी करून आणते, तुझ्या हातचे नकोत, तू कांदा विसरतेस. तेवढी माझ्या खोलीतली गादी एकदा उन्हात टाक.

दिव्यावरून रुसले असले तरी लोभ कायम आहे.

तुझी,
नायरी


ओमारू,
९ सप्टेंबर २००७

चि. नायरीस,

शरमिंदे आशीर्वाद. तू पाहशील हे माझ्या डोक्यातच आले नाही. वस्तू विकताना मी जगाला ओरडून सांगत होते, आणि जग म्हणजे तू नव्हेस असे धरून चालले होते.

पण ऐक, तुझा दिवा साऱ्या दुकानात सगळ्यात जास्त किमतीला गेला. टिमारूचा एक मनुष्य गाडी चालवत आला. त्याच्या घरी म्हणे नुसते दीपस्तंभ आहेत. दिवा त्याने दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, बाई, हे करणाऱ्याच्या हातात कला आहे. मी मान डोलावली. कलाकार माझी सख्खी बहीण आहे हे सांगायचा मला धीर झाला नाही. स्कोन्स मात्र त्याला जास्तच वाढले.

जड वस्तू उचलायला शेजारचा मर्व येतो. मी जूनमध्ये मागच्या पायरीवर घसरले तेव्हा त्यानेच उचलले होते, तेव्हापासून तो मलाही जड वस्तूंतच धरतो. घसरण्याचे काही विशेष नव्हते, ग्वेंडाला वाढवून सांगायची सवय आहे. ती तुला फोन करेल तर लक्ष देऊ नकोस.

जानेवारी अजून लांब आहे, पाहू.

इथे किनाऱ्यावर पेंग्विन परत आले. रात्रभर कलकलाट करतात, पण कुणीतरी बोलते आहे हे बरे वाटते.

लोभाची परतफेड दिव्याने होत नाही हे जाणून आहे.

नोलाताई


रिव्हर्टन,
२० सप्टेंबर २००७

नोलाताई,

नमस्कार. आज वि. वि. नाही.

काल वाचनालयात गेले होते. तुझ्या दुकानात पलंग लागला आहे. सिंगल, लाकडी, कोपऱ्यातल्या खोलीतला. खाली लिहिले आहेस, पाहुण्यांचा पलंग, वर्षातून तीन आठवडे एकाच बाईने वापरलेला, बाई हलकी आहे पण घोरते. फोटोत माझी निळी रजईसुद्धा आहे.

लोक प्रश्न विचारत होते, गादी बरोबर मिळेल का, घोरणारी बाई बरोबर मिळेल का. तू म्हणालीस, गादी मिळेल. सगळे हसले असतील. मी हसले नाही. डेल्सी शेजारी उभी होती, तीही हसली नाही, आणि तिने न विचारता चहा आणला. वाचनालयात चहाला बंदी आहे.

मला दिव्याचे काही वाटले नाही, ताई. दिवा वाईटच होता. पण टेड गेला त्याच्या कितीतरी आधीपासून, आई होती तेव्हापासून मी दर जानेवारीत त्या पलंगावर झोपते. तू येऊ नकोस म्हणाली असतीस तर मी समजून घेतले असते, निदान समजल्यासारखे केले असते. हे मला गावच्या वाचनालयात, चारचौघांच्या पुढे, फोटोसकट का कळावे?

उत्तर दे. विनोद नको.

नायरी


ओमारू,
२४ सप्टेंबर २००७

नायरी,

विनोद नको म्हणालीस तेव्हा माझ्या हातात लिहायला काही उरलेच नाही.

ग्वेंडाने माझ्यासाठी वृद्धांच्या वसाहतीत एक घर बघितले आहे. निजायची खोली एकच. ओटा एवढासा की एका वेळी मी तरी मावेन नाहीतर किटली. ऑक्टोबर संपेपर्यंत हो किंवा नाही सांगायचे आहे, आणि मी हो म्हणणार आहे. तिथे दुसरा पलंग ठेवायला जागा नाही. हे तुला कसे लिहायचे ते मला सुचेना, म्हणून मी चाळणी विकली, मग फोंड्यू विकले, मग दिवा. तुझ्याकडे यायला मी आडवळणाने निघाले होते, आणि वाटेत तूच भेटलीस.

आणखी एक. मागच्या जानेवारीत बसच्या पायरीवर तू म्हणालीस, ही कंबर काही पुढच्या वर्षी मला इथे आणणार नाही. ते मी मनाला लावून घेतले. तू येणारच नसशील तर रिकाम्या पलंगाकडे बघत कोण बसणार?

घर मोठे नाही गं, पण टेड गेल्यापासून संध्याकाळी ते मोठे होते. पायरीवर पडले तेव्हा मी बराच वेळ तिथेच होते. मर्वला हाक मारायची लाज वाटली. मला इथे एकटीला भीती वाटते. झाले, लिहिले.

आता पलंग मागे घ्यावा म्हटले, तर त्याच्यावर बोल्या लागल्या आहेत, आणि बोली लागल्यावर वस्तू मागे घेतली की लोक खाली नको नको ते लिहितात. मला माझ्या नावापुढच्या चांगल्या शेऱ्यांचा अभिमान आहे, हे तुला हास्यास्पद वाटेल. मलाही वाटते. शुक्रवारी चार वाजता लिलाव बंद होईल.

रागावलीस तरी पत्र टाक.

नोलाताई


रिव्हर्टन,
२९ सप्टेंबर २००७

ती. नोलाताईस,

सा. न. वि. वि. पलंग मी घेतला.

वाटले तितके सोपे नव्हते. चारच्या आधी मी एका बाईचे नवेच खोटे नाव घेऊन खुर्चीत बसले (जुने तू ओळखले असतेस), मनात म्हटले पाच मिनिटांचे काम. पण गमबूट-४७ या नावाचा कुणी मनुष्य चिकटून बसला. मी एक डॉलर वाढवला की तो दोन वाढवी. दर वेळी घड्याळ दोन मिनिटे पुढे. पाच वाजले, वाचनालय बंद करायची वेळ झाली. डेल्सीने कोट घातला, दिवे मालवले, किल्ल्या वाजवल्या. मग माझ्या खांद्यावरून डोकावून बघितले आणि कोट काढून ठेवला. म्हणाली, सरक, तू फार हळू टाइप करतेस. गमबूट-४७ बद्दल आम्ही दोघींनी जे शब्द वापरले ते त्या इमारतीत पूर्वी कधी उच्चारले गेले नसतील. शेवटी तो थकला. तेवढ्या पैशांत इन्व्हरकार्गिलच्या दुकानातून नवा पलंग, गादी आणि उशा आल्या असत्या. या घराण्यात अक्कल कुणाच्या वाट्याला गेली ते एकदा शोधायला हवे.

आता कंबरेचे. ताई, मी दर वर्षी बसच्या पायरीवर काहीतरी म्हणते. त्याआधी गुडघा होता, त्याआधी डोळे. तू म्हणावेस, असे काय बोलतेस, येशीलच, म्हणून मी म्हणते. यंदा तू काही बोलली नाहीस. ते मीही मनाला लावून घेतले.

भीतीचे म्हणशील तर मी मांजरावर निम्मे पत्र लिहिते ते उगीच नव्हे. दिवसभरात मी त्याच्याशीच बोलते.

तर नियमाप्रमाणे वस्तू स्वतः येऊन न्यायची आहे. बसचा ड्रायव्हर पलंग चढवू देणार नाही, मी विचारले. वाहन मिळेपर्यंत पलंग आहे तिथेच ठेवावा लागेल, आणि माझी वस्तू म्हणून मला तिच्यावर नजर ठेवावी लागेल, शक्यतो पाठीवर आडवे होऊन. वाहन मिळायला काही वर्षे जातील. माझा मुलगा लिंडसे आणि सून माझ्या घरात राहायला एका पायावर तयार आहेत. मांजर माझ्याबरोबर येईल, त्यावर घासाघीस नाही.

तुला हे नको असेल तर तसे लिही. पण वसाहतीला हो म्हणण्यापूर्वी लिही.

तुझी,
नायरी


ओमारू,
३ ऑक्टोबर २००७

चि. नायरीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत एक कबुली. गमबूट-४७ हा मर्व आहे.

मी त्याला शुक्रवारी स्वयंपाकघरात बोलावून संगणकासमोर बसवले. पलंग परक्याच्या घरी जाणार हे मला बघवेना, आणि स्वतःच्या वस्तूवर स्वतः बोली लावता येत नाही. म्हटले, मर्व, तू घे, पैसे मी देईन. नियमात हे बसत नाही, ठाऊक आहे. समोर कुणी बया होती, ऐकेचना. मी मर्वच्या खुर्चीमागे उभी राहून अजून, अजून म्हणत होते. तिला मी काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, तू लहान आहेस. शेवटी मर्वच म्हणाला, नोला, त्या बाईला पलंग माझ्यापेक्षा जास्त हवा आहे, सोड. तो घरी गेल्यावर मी कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन रडले. तुझे पत्र आले तेव्हा पुन्हा रडले, पण चहा पीत.

ग्वेंडाला फोन केला. वसाहतीला नाही कळवले आहे. ती म्हणाली, मावशी येणार असेल तर माझे काही म्हणणे नाही, पण मागच्या पायरीला कठडा लावून घ्या. मर्व आज तेच करतो आहे. तुझ्यावर त्याचा राग नाही, फक्त तुला एकदा बघायचे आहे म्हणतो.

पैसे पाठवू नकोस, तुझ्याकडून घेतले तर मला स्वतःचे तोंड बघवणार नाही. तुझ्या नावापुढे शेरा मात्र टाकला आहे: ग्राहक हट्टी, पण भरवशाची.

गादी उन्हात टाकली आहे. दाराला अडसर लागतो, तेव्हा ते चेंडू आण. आणि जमलेच तर एक दिवाही कर, कोपऱ्यात जागा रिकामी झाली आहे.

पलंग घ्यायला जानेवारीची वाट बघू नकोस, आत्ताच ये. घेऊन मात्र जाऊ नकोस.

तुझी,
नोलाताई