भाडेकरूच्या हातची वास्तुशांती

मु. सटाणा, सोमवार

गोरक्षराव यांना भाऊजींचा नमस्कार,

आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारे शेखर काल सोसायटीचे सेक्रेटरी झाले. बिनविरोध. बातमीला वॉचमन धोंडीराम यांनी फोनवर दुजोरा दिला, आणि दुजोरा देताना त्यांच्या तोंडात पेढा होता, त्यामुळे शंकेला जागा नाही. तुमची पाठ आता कशी आहे? पैठण्यांच्या घड्या घालायला माणूस ठेवा, स्वतः वाकू नका. माझी प्रकृती विचाराल तर पोटात सारखा गोळा येतो. डॉक्टर म्हणतात पित्त आहे. तुमची ताई म्हणते, पित्त नाही, फ्लॅट आहे.

आमच्याच इमारतीत एक फ्लॅट विकायला निघालाय, भाड्यानं द्यायला घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत. गेल्या वर्षी मीच तुम्हाला फोन करकरून सांगत होतो की अंबडला कंपन्या आहेत तोवर भाडेकरूंना तोटा नाही, कुंभमेळ्यामुळे भाव चढणार, माझ्यासारखं बारदानाच्या दुकानात गोण्या मोजत म्हातारं होण्यापेक्षा दरमहा भाडं खात बसावं. ते सगळं मी परत घेतो. एजंट जे सांगत नाही ते आधी ऐका. भाडं बाराही महिने येतं असं धरू नका, मधले एक-दोन महिने घर रिकामं राहतंच आणि मेंटेनन्स मात्र राहत नाही. उन्हाळ्यात टँकर किती लागतात ते एजंटला नाही, खालच्या इस्त्रीवाल्याला विचारा. करार अकरा महिन्यांचा करा, नोंदवा, पोलीस पडताळणी करा. हे सगळं मी केलं. (शेखरची पडताळणी झाली, माझी कोणी केली नाही. ती झाली असती तर हा माणूस मालक व्हायच्या लायकीचा नाही हे तेव्हाच कळलं असतं.) एवढं करूनही मी बुडालो, तो वास्तुशांतीमुळे.

तुम्ही तेव्हा सुरतेला मालाला गेला होतात, म्हणून सांगतो. घर भाड्यानं दिलं तरी वास्तुशांती झालीच पाहिजे, असा तुमच्या ताईचा हट्ट. मुहूर्त काढला, गुरुजी ठरले, आचाऱ्याला विसार दिला, सगळ्या इमारतीला आमंत्रणं गेली. आणि दोन दिवस आधी आमच्या भाऊबंदातले एक आजोबा वारले. मी त्यांना उभ्या जन्मात एकदा पाहिलं होतं, तेही पाठमोरे. पण सुतक ते सुतक. पुढचा मुहूर्त पावसाळ्यानंतर होता आणि आचारी विसार परत द्यायला तयार नव्हता. तेव्हा गुरुजींनी तोड काढली, की घरात राहणारं जोडपं बसवा, चालतं. शेखर आणि सविता आठच दिवसांपूर्वी राहायला आले होते. शेखर अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर, सविता घरी शिकवण्या घेते. दोघं इतक्या भक्तिभावानं पाटावर बसली की गुरुजींचे डोळे भरून आले. वास्तुपुरुषाची प्रतिमा कोपऱ्यात शेखरच्या हातानं ठेवली गेली. निघताना गुरुजींनी बजावलं की दरवर्षी नैवेद्य याच हातांनी दाखवायचा.

आम्ही दोघं सुतकी, म्हणून खाली पार्किंगमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. जेवून उतरणारा प्रत्येक जण आमच्यापाशी थांबायचा. ‘तुम्ही शेखररावांचे गावाकडचे का? नशीब काढलं हो पोरानं!’ मी मान डोलवत होतो, कारण भर पार्किंगमध्ये सुतक, मुहूर्त आणि विसार इथपासून कोणाकोणाला सांगणार? शेजारच्या दुकानातले केरूशेठ सटाण्याहून खास आले होते, त्यांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, ‘घर तुनं शे ना रे भाऊ?’ मी ‘हो, माझंच’ म्हणालो. पण तेव्हाही माझा आवाज थोडा बारीक निघाला होता.

तेव्हापासून सगळी इमारत शेखरला मालक समजते. त्यांनी एकदोनदा सांगून पाहिलं की मी भाडेकरू आहे, तर लोकांना तो त्यांचा विनय वाटला. त्यांचा मान आणखी वाढला. सोसायटीची नोंदणी अजून व्हायची आहे, कामचलाऊ समिती आहे, तिथे कागद कोण बघतो? मी मागच्या महिन्यात गेलो तर धोंडीरामनं फाटकावरच अडवलं. ‘कोणाकडं?’ मी म्हटलं, माझ्याच घरी. ‘इथं समदे तसंच म्हणत्यात बाबा,’ असं म्हणून त्यानं वर फोन लावला. शेखर म्हणाले, सोडा, आमचे काका आहेत. मग मला माझ्या घरी जाता आलं.

आता खरी अडचण ऐका. आपल्या संजनाला अंबडलाच नोकरी लागली, एक तारखेला हजर व्हायचंय. करार तीस तारखेला संपतो. म्हणजे कागदावर सगळं सरळ आहे: नमस्कार करायचा, घर खाली करा म्हणायचं. हेच म्हणायला मी गेलो होतो. बसमध्ये देवळा गाव येईपर्यंत तीनदा घोकलं. शेखर आल्या आल्या पाया पडले. माझ्या भीतीचं मूळ तेच आहे, गोरक्षराव. उर्मट भाडेकरूला माणूस दम देऊ शकतो. पाया पडणाऱ्याचं काय करता? सवितानं पोहे दिले, वर शेव, वर ओलं खोबरं. मी घसा साफ करून विचारलं, ‘मग, पुढचं काय ठरवलंय?’ ते म्हणाले, ‘काका, गॅलरीला जाळी बसवून घेतो. कबुतरं फार होतात.’ जाळी! जाळी म्हणजे दहा वर्षं. मी घाईघाईनं संजनाच्या नोकरीचं सांगितलं, म्हटलं आता तरी समजेल. सवितानं टाळी वाजवली. ‘अय्या, मग आमच्याकडेच राहू दे की! आतली खोली रिकामीच आहे. परकं समजू नका हं, काका.’

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘घरी विचारून सांगतो.’

घरी विचारलं. तुमची ताई तेव्हापासून माझ्याशी फक्त जेवायला वाढताना बोलते. संजना म्हणते, बाबा, मी माझ्याच घरात पेइंग गेस्ट राहणार नाही, तुमच्यानं होत नसेल तर मला हॉस्टेल बघून द्या. रोज पहाटे मला दिसतं, की शेखर आणि सविता कोर्टात उभे आहेत, गुरुजी साक्षीला आलेत आणि न्यायाधीश विचारतायत, पूजेच्या वेळी तुम्ही कुठे होतात? पार्किंगमध्ये, साहेब.

तेव्हा फ्लॅट घेऊ नका. घेतलात तर कुलूप लावून ठेवा. ताईचा आशीर्वाद, मुलांना पापा.

तुमचा,
खंडेराव

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की रविवारी तुम्ही नाशिकला या आणि माझ्या वतीनं शेखरना घर खाली करायला सांगा. तुम्ही दुकानदार आहात, तीन तास साड्या बघून काहीच न घेणाऱ्या बायकांना तुम्ही हसत दारापर्यंत पोचवता. मी खाली रिक्षात बसून राहीन.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात सविताचा ताईला फोन आला. रडत होती. शेखरची चाकणला बदली झालीय. महिनाभरापूर्वीच कळलं होतं, पण काकांना वाईट वाटेल म्हणून सांगायची हिंमत होत नव्हती. जाळीचं तर त्यांनी घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं. सेक्रेटरी व्हायलाही त्यांना भिडेपोटी नाही म्हणता आलं नाही. तीस तारखेला किल्ली देतायत. मी ताबडतोब दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ता. क. तिसरा. शेखरचा स्वतःचा फोन आला. समितीनं नवा नियम केलाय की नवीन राहायला येणाऱ्यांना आधी भेटून, पारखून मगच परवानगी द्यायची. घर काकांचंच आहे असं त्यांनी समितीला परोपरीनं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, साहेब, तुमचा स्वभाव भिडस्त आहे, आम्ही बघतो. मी खरेदीखत आणतो म्हटलं, तर शेखर म्हणाले, काका, पहिल्याच भेटीत कागद दाखवू नका, माणसं बिथरतात, मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. रविवारी पाच वाजता क्लब हाउसमध्ये मी, ताई आणि संजना मुलाखतीला बसणार आहोत. या. चांगल्या घरची माणसं आहेत असं सांगणारं बाहेरचं कोणीतरी लागेल.