पायाळूचा पाय

निपाणी, शुक्रवार, दुपार

प्रिय रूपाली,

तोंडानं तुला जन्मभर घोडी म्हटलं, आता कागदावर प्रिय लिहिताना हात अवघडला बघ. पण पत्रात प्रियच लिहितात असं शेजारची मंगल म्हणाली. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यात विड्या वळून वळून बोटं वाकलेली. अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी शेवटपर्यंत वाच, एवढं कर.

परवा रविवारी चार वाजता बेळगावात तुमची कबड्डीची फायनल. निपाणीच्या ज्या पोरींशी तुम्ही खेळणार, त्यांची सेमी बुधवारी इथंच झाली. मी आणि मंगल गेलतो. मंगल भेळ खायला, मी हेरायला. तर ऐक. चढाईत त्यांच्यात दम न्हाय. एक उंच पोरगी आहे, ती नुसती रेषेवर नाचते आणि हात हलवून परत येते. दुसरी बुटकी, ती चपळ आहे, पण दोन चढाया केल्या की धापा टाकते. तुमच्या भैरवीनं कोपऱ्यात घोटा धरला की अशा दोघी बसतील. म्हणजे त्यांची चढाई आणि तुमचा बचाव, यात तुमचंच पारडं जड.

पण त्यांचा बचाव लई वाईट गं. सातही जणी हातात हात घालून अशा सरकतात की एकीचा पाय कुठं संपतो आणि दुसरीचा कुठं सुरू होतो कळत न्हाय. त्यात डाव्या कोपऱ्यातली एक काळी, रुंद पोरगी. ती चढाईवालीच्या तोंडाकडं बघतच न्हाय, नुसती पायाकडं बघत असते. चढाईवाली वळली की तिचा उजवा पाय धरते आणि सगळा भार टाकून बसते. नियमातच आहे ते, तिचा काय दोष? आणि तू कशी चढाई करतेस ते मला माहीत आहे. उजवा पाय रोवायचा, गर्रकन वळायचं आणि डाव्या पायानं लाथ मारून रेषेकडं पळायचं. म्हणजे तू नेमका तोच पाय तिच्यापुढं ठेवणार.

बुधवारी समोरच्या संघातली एक पोरगी अशीच वळली. त्या काळीनं पाय धरला, पोरगी पडली. गुडघ्यातून कट् असा आवाज आला म्हणून ती रडत सांगत होती. तिला दोघींनी उचलून बाहेर आणलं, माझ्या पुढ्यातच बसवलं. तिचा गुडघा बघितला आणि माझ्या हातातली भेळ खाली पडली. मंगलला वाटलं मला ऊन लागलं.

तूही मला हेच सांगितलं होतंस. महिन्यापूर्वी सरावात कट् झालं, म्हणून घरी आलीस. उजवा गुडघा भोपळ्यासारखा. तुमच्या सरांनी फोटो काढून घ्यायला लावला होता, त्या बोगद्यासारख्या मशिनीतला, काळ्या काचेसारख्या कागदावरचा. तू म्हणालीस, आज्जी, डॉक्टरला दाखवायचाय. आणि मी काय म्हणाले? कागद बघून कधी लचक गेलीय व्हय? तुझी आज्जी पायाळू आहे, आईच्या पोटातून पाय आधी घेऊन आलेली, गावाच्या कमरा हिच्या पायानं सरळ झाल्या, तुझा गुडघा काय मोठा लागून गेला. तुला पाटावर बसवलं, तीन वेळा पाय लावला, तेल चोळलं, वरनं ओढलाही. आठ दिवसांनी सूज उतरली. तू तो कागद कपाटावर टाकलास आणि परत खेळायला लागलीस. आता हॉस्टेलवरून रोज व्हिडिओवाला फोन करतेस, आज्जी, पाय लाव गं. मी मोबाईलच्या काचेला पायाचा अंगठा लावते, मागनं तुझ्या मैत्रिणी आपापल्या पाठी पुढं करतात. तू म्हणतेस, नुसता पायरी उतरताना सटकतो, बाकी बरा आहे. आणि मी हसते.

काल तो कागद पिशवीत घालून इथल्या डॉक्टरकडं गेले. त्यानं खिडकीपुढं धरला आणि विचारलं, ही चालते का? म्हटलं, पळते. चढाई करते. त्यानं मला खुर्चीवर बसवलं. गुडघ्याच्या आत एक दोर असतो म्हणे, तो तुटलाय. सूज उतरली म्हणजे दोर जुळत न्हाय. आता तसाच पाय रोवून वळली तर आतली गादीही फाटेल, मग जन्मभर लंगडेल, असं म्हणाला. ऑपरेशन करून पुढच्या वर्षी खेळता येतं, असंही म्हणाला. ते नीट ऐकून घेतलंय मी, दोनदा विचारून.

हे फोनवर का सांगितलं न्हाय? काल रात्री चारदा डॉक्टरचं नाव काढलं. दरवेळी तू म्हणालीस, आज्जी, तुझ्या पायावर माझा भरवसा आहे, डॉक्टर काय घेऊन बसलीस. आणि तो भरवसा बसवला मीच. तुझ्या बापाला, विक्रमला, सांगितलं तर तो उद्याच गाडी काढून येईल, तुला घरी आणेल आणि कबड्डी कायमची बंद करेल. म्हणून त्यालाही सांगितलं न्हाय. आधी वाटलं लिहावं, तू बाकावर बस, भैरवी आणि तुमचा बचाव मॅच काढेल. पण तुला फसवून काय करू? तुझ्याशिवाय त्या काळीच्या साखळीतून कुणी परत येणार न्हाय. हरतील. हरू देत.

आता जे लिहिते ते कुणाला ठाऊक न्हाय. मी पायाळू न्हाय, रूपे. डोक्यानंच जन्मले, चार माणसांसारखी. सून होऊन आले तेव्हा सासूनं मला दारातल्या केरसुणीइतकीही किंमत दिली न्हाय. एकदा तिची कंबर धरली, कुणी पायाळू मिळेना, तेव्हा मी म्हटलं, मी आहे. पाय लावला. कंबर आपोआप सुटली असेल. त्या दिवसापासून मला आधी जेवायला वाढायला लागली. पुढं गाव दारात यायला लागलं, मग खोटं मागं घ्यायला वेळच झाला न्हाय. माझ्या पायात काही न्हाय गं. कधीच नव्हतं. मंगल उद्या सकाळच्या गाडीनं येऊन हे पत्र तुझ्या हातात देईल, तो फोटोही तिच्याकडंच आहे. दोन्ही सरांपुढं ठेव. पत्र साऱ्या हॉस्टेलला वाचून दाखव, गावात सांग, माझ्या दारावर लोक थुंकले तरी चालेल. मी कधी कुणापुढं हात जोडले न्हाईत, तुला जोडते. त्या रेषेपलीकडं पाय टाकू नकोस.

तुझीच,
डोक्यानं जन्मलेली,
गुणाबाई